दहावीच्या इंग्रजी पेपरातला उतारा, आकलन आणि उजळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून चालतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होतं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतली कितीतरी मुलं याच वाटेने दहावीला पोचतात. इंग्रजी वाचता येतं, पाठ केलेले धडे लिहिता येतात, पण कधीच न पाहिलेला उतारा समोर आला की गाडी अडते. खालचे प्रश्न गोवा बोर्डाच्या दहावीच्या मुलांना आणि पालकांना डोळ्यांसमोर ठेवून घेतले आहेत. बारावीच्या आणि इतर बोर्डांच्या मुलांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. गुणांची विभागणी आणि प्रश्नांची संख्या मात्र आपल्या वर्षाच्या आराखड्यावरूनच बघावी. शाळेत तो मिळतो. जुन्या गाइडावर त्यासाठी विसंबू नये.

सगळे शब्द कळतात, तरी उत्तर चुकतं. असं का होतं?

कारण उत्तर उताऱ्यातून येत नाही, डोक्यातून येतं. समजा उतारा प्लास्टिकच्या पिशव्यांवर आहे. लेखक म्हणतो की दुकानदारांना स्वस्त पर्याय मिळाला नाही, म्हणून बंदी फसली. प्रश्न येतो, बंदी का फसली? आणि मुलगा लिहितो की प्लास्टिक खाऊन गुरं मरतात. वाक्य खरं आहे, पण ते विचारलेलं नाही आणि उताऱ्यातही नाही. गुण शून्य.

यावर एकच नियम आहे आणि तो पहिल्या दिवसापासून पाळायचा : प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी ते ज्या ओळीवरून आलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ सापडत नसेल तर ते उत्तर लिहायचं नाही, पुन्हा शोधायचं. सरावात प्रत्येक उत्तरापुढे ओळीचा आकडा लिहा. उताऱ्याला आकडे नसतील तर समासात ५, १०, १५ असे स्वतः टाका.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट उत्तर. ‘गिव्ह टू रीझन्स’ असं म्हटलेलं असताना एकच कारण दोन वेगळ्या शब्दांत लिहिलं जातं. तिसरं कारण प्रश्नातला ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ नजरेतून सुटणं. प्रश्न वाचताना हे दोन शब्द आणि आकडे पेन्सिलीने गोल केले की ही चूक निम्म्याहून कमी होते.

चौथीपर्यंत मराठीतून शिकलो. वाचताना मनात मराठी करत बसतो. ते बंद करायचं का?

मराठीत अर्थ लावण्यात काही वाईट नाही. अडचण होते ती शब्दाला शब्द लावत गेल्याने. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं. त्यामुळे एकेक शब्द उलटवत गेलात तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

शब्दांऐवजी तुकडे वाचा. ‘द फार्मर्स / हू लिव्ह्ड निअर द रिव्हर / रिपेअर्ड द बंड / बिफोर द मॉन्सून.’ इथे चार तुकडे आहेत. कोणी, कसल्या, काय केलं, कधी. लांब वाक्यात आधी कर्ता शोधा, मग त्याचं मुख्य क्रियापद. वरच्या वाक्यात ‘लिव्ह्ड’ हे मुख्य क्रियापद समजणारे बरेच असतात. ‘हू’पासून सुरू झालेला तुकडा फक्त शेतकऱ्यांची ओळख करून देतो, तो बाजूला काढला की उरतं ‘द फार्मर्स रिपेअर्ड द बंड’. सांगाडा मिळाला.

रोज दहा मिनिटं एक परिच्छेद पेन्सिलीने तुकडे पाडून मोठ्याने वाचा. परिच्छेद संपल्यावर त्याचा अर्थ मराठीत, एका वाक्यात, पुस्तकाकडे न बघता सांगा. दोन-तीन आठवड्यांत तुकडे पाडण्यासाठी पेन्सिल लागेनाशी होते.

आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा?

आधी प्रश्नांवरून नजर फिरवा, अर्ध्या ते एका मिनिटात. कशाबद्दल विचारलं आहे एवढंच पाहायचं. पर्याय दिलेले असतील तर ते या टप्प्यावर वाचू नका. चारांतले तीन चुकीचे असतात आणि ते इतके पटण्याजोगे लिहिलेले असतात की उतारा वाचताना तेच डोक्यात घोळतात.

मग उतारा एकदा सलग, न थांबता. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं. दुसरं वाचन प्रश्नांसोबत, हवी ती ओळ शोधत. पहिलं सलग वाचन वगळून थेट उत्तरं शोधणारी मुलं साधे प्रश्न सोडवतात, पण लेखकाचं म्हणणं काय, शीर्षक कोणतं, अशा प्रश्नांना अडतात. त्यांच्या डोळ्यांखालून पूर्ण उतारा गेलेलाच नसतो.

पेन्सिल हातात घेऊन नेमकं काय करायचं?

तीन कामं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन शब्दांत विषय लिहा, मराठीत लिहिला तरी चालेल. नावं, वर्षं, आकडे यांना गोल करा. आणि वळणाच्या शब्दांना चौकट करा : बट, हाउएव्हर, ऑल्दो, अनलेस, देअरफोर, इन्स्टेड. लेखकाचा खरा मुद्दा बहुधा या शब्दांच्या पुढे असतो. ‘हाउएव्हर’च्या आधी लेखक इतरांचं मत सांगतो आणि नंतर स्वतःचं, हे फार वेळा घडतं. आधीचंच मत लेखकाचं समजून उत्तर लिहिलं की सगळं उलटं होतं.

ओळीच्या ओळी अधोरेखित करू नका. सगळंच ठळक झालं की काहीच ठळक राहत नाही.

एखादा उतारा घेऊन दाखवाल का?

हा लहान उतारा घेऊ. विषय आपल्या खाजन शेतीचा आहे. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवणारे बांध आणि त्यांतली मानस म्हणजे पाण्याची दारं. उतारा इंग्रजी आहे, इथे तो देवनागरीत लिहिला आहे.

‘द ओल्ड स्लूस गेट इन द व्हिलेज वॉज मेड ऑफ वुड. ॲट हाय टाइड द रायझिंग वॉटर पुश्ड इट शट. ॲट लो टाइड इट ओपन्ड बाय इटसेल्फ अँड लेट द एक्स्ट्रा वॉटर आउट. नो वन हॅड टू वर्क इट. व्हेन द फार्मर्स लेफ्ट फॉर जॉब्ज इन टाउन, हाउएव्हर, नोबडी रिपेअर्ड द लीक्स. विदिन अ फ्यू सीझन्स द फील्ड्स टर्न्ड सॉल्टी.’

पहिला प्रश्न : दार कशामुळे बंद व्हायचं? दुसऱ्या वाक्यात थेट उत्तर आहे, ‘द रायझिंग वॉटर ॲट हाय टाइड’. नुसतं ‘वॉटर’ लिहिलं तर अपुरं, कारण ओहोटीलाही पाणी होतंच. भरतीचं, चढतं पाणी हा नेमकेपणा लागतो.

दुसरा प्रश्न : ‘नो वन हॅड टू वर्क इट’ यातला ‘इट’ म्हणजे काय? मागे जात राहा. सर्वांत जवळचं नाम ‘वॉटर’ आहे, पण ते जागेवर ठेवून वाक्य वाचून बघा, जमत नाही. ‘गेट’ ठेवून वाचा, जमतं. सर्वनामाच्या प्रश्नात हीच चाचणी करायची. जवळचं नाम उचलणं ही इथली ठरलेली चूक आहे.

तिसरा प्रश्न : ‘वर्क’चा इथला अर्थ कोणता? पर्यायांत ‘डू अ जॉब’ आणि ‘ऑपरेट’ दोन्ही असतील. रोजच्या ओळखीचा अर्थ पहिला, म्हणून हात तिकडे जातो. पण वाक्यात ‘वर्क’पुढे दार आहे, आणि दार चालवावं लागतं. उत्तर ‘ऑपरेट’. पेपरात बहुधा असे ओळखीचे शब्दच विचारतात, आणि मुलं गाफील राहतात.

चौथा प्रश्न : शेतं खारट का झाली? हे उताऱ्यात एका ओळीत लिहिलेलं नाही. ‘बिकॉज द फार्मर्स लेफ्ट फॉर जॉब्ज’ हे उत्तर अर्धं आहे. माणसं गेल्याने माती खारट होत नाही. दुवे जोडा : शेतकरी गेले, गळती कोणी बुजवली नाही, भरतीला खारं पाणी गळतीतून आत आलं, शेत खारट झालं. मधला दुवा उताऱ्यात शब्दांनी नाही, पण भरतीचं पाणी, गळती आणि ‘सॉल्टी’ हे तिन्ही धागे आहेत. अनुमानाचं उत्तर याला म्हणतात. दोन ओळींवर बोट ठेवायचं आणि त्यांच्या मधली पायरी आपण लिहायची. एकाही ओळीचा आधार नसेल तर तो अंदाज झाला.

पाचवा प्रश्न, चूक की बरोबर : गावकरी रोज दार उघडायचे. चूक. कारण विचारलं असेल तर ‘इट ओपन्ड बाय इटसेल्फ’ ही ओळ द्या. फक्त ‘फॉल्स’ लिहून थांबू नका.

शीर्षक विचारलं तर ‘द वुडन गेट’ तोकडं पडतं, कारण लाकूड हा तपशील आहे. ‘खाजन फार्मिंग इन गोवा’ फार मोठं होतं, उतारा एका गावाच्या दारापुरता आहे. ‘अ गेट नोबडी रिपेअर्ड’ बसतं. शीर्षकात उताऱ्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही मावले पाहिजेत.

अवघड शब्द आला की काय करायचं? परीक्षेत डिक्शनरी नसते.

शब्दाच्या आजूबाजूला चार ठिकाणी बघा. लगेच पुढे स्वल्पविराम किंवा डॅश देऊन अर्थ सांगितला आहे का? पुढे उदाहरण आहे का? ‘बट’ किंवा ‘अनलाइक’ने जोडलेला उलटा शब्द आहे का? शब्दाच्या आत ओळखीचा भाग आहे का? ‘द रिव्हर वॉज नॅव्हिगेबल, लार्ज बार्जेस कुड रीच द इनर व्हिलेजेस.’ मांडवीत बार्ज पाहिलेल्या मुलाला इथे अर्थ लागतोच : बोटी जाऊ शकतील अशी नदी.

मग तो अर्थ मूळ शब्दाच्या जागी ठेवून पूर्ण वाक्य वाचा. विशेषणाच्या जागी विशेषण, भूतकाळाच्या क्रियापदाच्या जागी भूतकाळाचंच क्रियापद. ‘रिपेअर्ड’चा समानार्थी ‘फिक्स’ लिहिला तर बसत नाही, ‘फिक्स्ड’ लिहायला हवं.

सरावात मात्र डिक्शनरी वापरा, पण प्रश्न सोडवून झाल्यावर. दिवसाला पाचपेक्षा जास्त शब्द उतरवू नका, आणि प्रत्येक शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट लिहा. नुसत्या शब्द-अर्थाच्या याद्या आठवडाभरात पुसट होतात, आणि परीक्षेत शब्द वेगळ्या अर्थाने आला की त्या उपयोगीही पडत नाहीत.

‘इन युअर ओन वर्ड्स’ म्हणजे नेमकं किती बदलायचं?

उताऱ्यातली ओळ जशीच्या तशी उतरवली तर तुम्हाला ती कळली की नाही हे तपासणाऱ्याला समजत नाही. दुसऱ्या टोकाला प्रत्येक शब्द बदलण्याची धडपड असते, आणि तिच्यात अर्थच हरवतो. ‘टाइड’, ‘गेट’ असे विषयाचे शब्द तसेच राहू द्या. बदलायची ती वाक्याची बांधणी. दोन वाक्यं ‘बिकॉज’ने जोडा, किंवा कर्ता बदला.

उतरवताना हमखास राहून जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. उताऱ्यात ‘आय’ आणि ‘माय’ असेल तर उत्तरात ‘द रायटर’, ‘ही’ किंवा ‘हर’ हवं. आणि ‘व्हाय’ने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कारणच असलं पाहिजे. ‘व्हाय’ला ‘हाउ’चं उत्तर देणं, म्हणजे कारण विचारलं असता काय घडलं ते क्रमाने सांगत बसणं, हे फार दिसतं.

दोन गुणांना पाच ओळी लिहू नका. मुद्दे जितके मागितले तितके, पूर्ण वाक्यांत.

वेळ पुरत नाही. वाचनाची गती कशी वाढवायची?

आधी गती मोजा. उताऱ्याच्या तीन ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, तिला एकूण ओळींनी गुणा, वाचायला लागलेल्या मिनिटांनी भागा. ३५० शब्दांना साडेतीन मिनिटं लागली तर गती मिनिटाला १०० शब्द. या गतीने वाचूनही पेपर निघतो, घाबरण्याचं कारण नाही.

३५० शब्दांचा उतारा आणि पाच-सहा प्रश्न यांना २० मिनिटं धरा. एक मिनिट प्रश्नांवर नजर, चार मिनिटं सलग वाचन, बारा मिनिटं उत्तरं, तीन मिनिटं तपासणी. घड्याळ लावायचं ते उत्तरं बरोबर यायला लागल्यावर. दहांपैकी आठ प्रश्न वेळेचं बंधन नसताना बरोबर येत नाहीत तोवर वेग वाढवू नका, चुकाच वेगाने होतील.

वेग खातो कोण? बहुतेकदा मागे वळणारी नजर. अर्धं वाक्य वाचून पुन्हा सुरुवातीला जाण्याची सवय असेल तर ओळीखाली कोरा कागद नको, वरच्या वाचून झालेल्या ओळींवर ठेवा आणि तो खाली सरकवत जा. परत जायची वाटच बंद होते. ओठ हलवत वाचणं हळूहळू सुटतं, त्याच्या मागे लागू नका.

सारांश लिहिताना शब्दसंख्या जमत नाही. पायऱ्या सांगाल?

साधारण एक तृतीयांश लांबी मागतात. प्रश्नात आकडा दिला असेल तर तोच पाळा. प्रत्येक परिच्छेदाचा एक मुद्दा लिहा, उदाहरणं, आकडे, संवाद, पुनरुक्ती गाळा, मग उतारा झाकून ठेवा आणि फक्त मुद्द्यांवरून वाक्यं करा. उतारा उघडा ठेवला की त्यातलीच वाक्यं हातातून उतरतात.

वरचा खाजनचा उतारा ६० शब्दांचा आहे. त्याचा २० शब्दांत सारांश असा : ‘द स्लूस गेट वर्क्ड विथ द टाइड्स बाय इटसेल्फ, बट वन्स फार्मर्स स्टॉप्ड रिपेअरिंग इट, सॉल्ट वॉटर रुइन्ड द फील्ड्स.’ लाकूड गेलं, शहरातल्या नोकऱ्या गेल्या. दार, भरती-ओहोटी, दुरुस्ती थांबणं आणि परिणाम उरले. स्वतःचं मत घालू नका, ‘वी शुड प्रोटेक्ट खाजन्स’ हे सारांशात बसत नाही.

सरावासाठी काय वाचावं?

पाठ्यपुस्तकातले धडे आकलनासाठी निरुपयोगी आहेत, कारण त्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत. न वाचलेलं हवं. इंग्रजी दैनिकातला अग्रलेख पहिल्या दिवशी घेऊ नका, त्यातली वाक्यं लांब आणि संदर्भ मोठ्यांचे असतात. सुरुवात गावच्या बातमीपासून करा, मग विज्ञान किंवा निसर्गावरचे छोटे लेख, शेवटी मतं मांडणारे लेख. ‘द नवहिंद टाइम्स’ किंवा ‘हेराल्ड’मधली एखादी बातमी त्याच विषयावरच्या मराठी बातमीनंतर वाचली तर अर्थ आधी माहीत असतो आणि लक्ष भाषेकडे राहतं. मराठी घरातल्या मुलांसाठी यापेक्षा सोपी शिडी नाही.

ग्रंथालयं आपल्याकडे आहेत, वापर कमी आहे. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची परंपरा सांगतं, आणि तालुक्यांच्या गावीही सरकारी ग्रंथालयं आहेत. तिथे मुलांच्या विभागातली पातळ इंग्रजी पुस्तकं घ्या. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक परत ठेवून सोपं उचला. दहावीत असून सातवीचं पुस्तक वाचायला लाज वाटू देऊ नका.

आकलन चांगलं आहे, पण उत्तराच्या इंग्रजीत गुण जातात. कुठे लक्ष द्यावं?

मराठी बोलणाऱ्यांच्या चुका ठरावीक आहेत, म्हणून त्या सुधारायलाही सोप्या आहेत.

‘जरी… तरी’ हे आपल्या तोंडात असल्याने ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ लिहिलं जातं. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचं.

‘विषयाबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘घरी पोचला’ म्हणून ‘रीच्ड टू होम’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. ‘डिस्कस्ड द टॉपिक’, ‘रीच्ड होम’, ‘मॅरीड हर’, इतकंच लागतं.

‘डिड नॉट वेन्ट’ ही चूक दहावीतही टिकून असते. ‘डिड’ने भूतकाळ घेतला, पुढे ‘गो’च राहतं.

अप्रत्यक्ष कथनात तर आपली भाषा आणि इंग्रजी दोन वेगळ्या दिशांना जातात. ‘राम म्हणाला की मी उद्या येतो’ हे मराठीत अगदी बरोबर आहे, ‘मी’ तसाच राहतो, ‘उद्या’ही. इंग्रजीत ‘राम सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. सर्वनाम, काळ आणि वेळ तिन्ही बदलतात. एकेका वाक्यात हे तीन बदल क्रमाने तपासा, तिसरा बहुधा विसरतो.

अप्रत्यक्ष प्रश्नात क्रियापद मागे जातं : ‘आय डू नॉट नो व्हेअर ही इज’. आणि आर्टिकल. मराठीत तो प्रकारच नाही, त्यामुळे कानाला खटकत नाही. उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामापुढे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ किंवा ‘माय’सारखा शब्द आहे का, एवढी एक फेरी मारा.

उजळणी कशी करायची? परीक्षेला दहा आठवडे आहेत.

पहिले दोन आठवडे १५०-२०० शब्दांचे उतारे, घड्याळाशिवाय, ओळीच्या आकड्यांसकट. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात ३००-४०० शब्द. सहाव्या ते आठव्यात तेच, पण २० मिनिटांत. शेवटचे दोन आठवडे पूर्ण प्रश्नपत्रिका, एका बैठकीत. आठवड्याला तीन नवे उतारे पुरेत. रोज दोन सोडवून एकही न तपासण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

खरी उजळणी चुकांच्या वहीत होते. प्रत्येक चुकलेल्या उत्तरासाठी एक ओळ : प्रश्न कोणत्या प्रकारचा, मी काय लिहिलं, पुरावा कितव्या ओळीत होता, आणि चुकीचं कारण एका अक्षरात. श म्हणजे शब्द अडला, प्र म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ओ म्हणजे चुकीची ओळ धरली, दु म्हणजे दुवा जोडला नाही, भा म्हणजे भाषेची चूक, वे म्हणजे वेळ संपला. दहा उतारे झाले की अक्षरं मोजा. कोणाच्या वहीत ‘प्र’ची रांग लागते, कोणाच्या ‘दु’ची. ज्याचे ‘प्र’ जास्त त्याला शब्दसंग्रह वाढवून काही मिळणार नाही, त्याने प्रश्न दोनदा वाचायला शिकायला हवं. हे कळल्याशिवाय केलेली उजळणी म्हणजे जे येतं तेच पुन्हा करणं.

चुकलेला उतारा त्याच दिवशी पुन्हा सोडवू नका, उत्तर आठवणीतून येईल. तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने सोडवा. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं, आणि अंतर ठेवून केलेला सराव एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरतो. व्याकरणाचे नियम आणि शब्दही याच अंतराने फिरवा : तोच दिवस, तिसरा दिवस, आठवडा, महिना. वही वाचत बसू नका, अर्थ झाकून आठवून बघा.

कविता आली तर?

दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं नाही, पूर्णविरामापर्यंत एकत्र वाचा. अलंकार ओळखायला सांगितला तर नावासोबत नेमके शब्द द्या : कशाला कशाची उपमा दिली आहे ते.

आम्हा आई-बाबांना इंग्रजी येत नाही. मदत कशी करावी?

तुम्ही करू शकता ती मदत इंग्रजी येणाऱ्या कित्येकांना सुचत नाही. मुलाला उतारा वाचायला सांगा, मग पुस्तक बंद करून त्यात काय आहे ते मराठीत तुम्हाला सांगायला लावा. कोण, कुठे, काय झालं, मग काय झालं, का झालं, हे विचारा. तो जिथे गुळगुळीत बोलून पुढे सरकतो तिथेच त्याला कळलेलं नसतं, आणि ते ओळखायला इंग्रजी लागत नाही. मग एवढंच म्हणा, ‘हे कुठे लिहिलंय, दाखव बघू.’ त्याला बोट ठेवता आलं पाहिजे.

दुसरं, घड्याळ तुमच्याकडे ठेवा. २० मिनिटं झाली की पेन खाली. ओरडू नका आणि दुसऱ्या मुलांशी तुलना करू नका, पण वेळेत सवलतही देऊ नका.

गाइड आणि मोबाइलवरची भाषांतरं वापरली तर चालतात?

तपासायला चालतात, सोडवायला नाही. आधी उत्तर पेनाने लिहा, मग उघडा. पूर्ण उताऱ्याचं मोबाइलवर मराठी करून घेतलं तर आकलन मोबाइलचं होतं, तुमचा सराव होतच नाही. एखादं वाक्य तुकडे पाडूनही लागलं नाही तर तेवढंच वाक्य घाला, आणि मग आपण कुठे अडलो ते मूळ वाक्यात शोधा.

परीक्षेच्या दिवशी उतारा आधी सोडवू की शेवटी?

सुरुवातीच्या तासाभरात. उताऱ्याला ताजं डोकं लागतं, पाठ केलेलं थकल्यावरही लिहिता येतं. आदल्या रात्री नवा उतारा घेऊ नका, चुकांच्या वहीची शेवटची चार पानं चाळा आणि वेळेवर झोपा.

एखादा प्रश्न अडला तर दोन मिनिटांनी जागा सोडून पुढे जा. पुढच्या प्रश्नांची ओळ शोधताना मागचं उत्तर पुष्कळदा सापडतं. उत्तरं साधारण उताऱ्याच्या क्रमाने येतात, तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नांच्या ओळी मिळाल्या असतील तर चौथ्याची त्यांच्या मधे शोधा. शेवटची पाच मिनिटं या क्रमाने वापरा : प्रश्नक्रमांक, मग ‘ही’ आणि ‘शी’ पुढच्या वर्तमानकाळी क्रियापदांचा ‘एस’, मग आर्टिकलं, मग वाक्याच्या सुरुवातीचं कॅपिटल अक्षर आणि शेवटचा पूर्णविराम.